मिठाच्या पाण्याला विरजण

गाझियाबाद, नेहरूनगर
१५ जानेवारी १९८९, रविवार

दत्तू,

सगळ्यात आधी आली ती शेजारची त्यागीण. हळदीकुंकवाची वेळ साडेचारची सांगितलेली, ही साडेतीनलाच दारात. म्हणते, "अम्माजी, सोचा ज़रा हाथ बँटा दूँ." हात कसला, तिला तिळाच्या वड्या ताटात गरम असतानाच लागतात. अर्धं ताट संपवलं आणि वर म्हणाली, गजक आमच्या मेरठचीच बरी. मी म्हटलं, मग मेरठला जा की. ती हसली आणि आणखी एक वडी उचलली. वीस वर्षं आमचं असंच चाललंय.

मग हिंडनच्या एअरफोर्सवाल्यांच्या दोघी मराठी बायका आल्या, मग सुनंदा आली, तिची सून आली. सून दिल्लीतच वाढलेली, 'वाण' म्हणजे काय ते तिला हिंदीत सांगावं लागलं. खोली भरली. आणि एवढ्यात आपली हेमा दारात.

शनिवार असला तरी ती सहाच्या आत कधी येत नाही. काल पाचलाच आली. दोन बसा बदलून, एक खोकं छातीशी धरून. खोक्यात तीन काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेल्या, काचेचीच बुचं. त्यागीण म्हणाली, "गंगाजल है?"

"नहीं आंटी, नमक का पानी."

"नमक का पानी दिल्ली से ढोकर लाई? गाज़ियाबाद में नमक नहीं मिलता?"

सगळ्या हसल्या. हेमापण हसली, पण माझ्याकडे बघितलं नाही तिनं. तेव्हाच मला कळलं काहीतरी झालंय. हिंडनच्या धाकटीनं गमतीनं एका बाटलीला कुंकवाचं बोट लावलं. म्हटलं असू दे, हिचीही ओटी भरा.

तू म्हणशील, आईला दोन वर्षं मी उत्तर दिलं नाही, तरी ही का लिहिते. दत्तू, तू मला लिहीत नाहीस, हेमाला लिहितोस. पण पोस्टमन पाकीट माझ्याच हातात देतो. तेव्हा मला कळतं की तू ठीक आहेस, तुझ्या कांताचे गुडघे दुखतात, आणि कराडच्या शाळेत सायन्सची जागा तू हेमासाठी अडवून धरली आहेस, फेब्रुवारीच्या आठ तारखेला हजर व्हायचं आहे. फोडून वाचलं नाही मी. हेमानं वाचून दाखवलं. मी दुसरी शिकलेली बाई, जोडाक्षरं तुझ्या वडिलांनी मला बराकीत शिकवली, पलटणीची पत्रं लिहायची म्हणून. तेवढ्यावर मी तुला लिहिते आणि लिहिणारच. तू वाचून चुलीत घाल.

आता त्या बाटल्यांचं सांगते, कारण शेवटच्या भांडणात तू म्हणाला होतास, "मिठाचं पाणी ढवळायला पाच वर्षं लागतात का?" आणि जेवतं ताट सोडून उठलास. मफलरही विसरलास. तो अजून खुंटीवर आहे.

ऐक. पाण्यात मीठ किती विरघळतं, हे कुणीही ढवळून सांगेल. पण एका पाण्यात दोन वेगवेगळी मिठं घातली तर? हेमा म्हणते, मीठ पाण्यात गेलं की त्याचे दोन तुकडे होतात, एक अधिकाचा, एक उण्याचा, जत्रेत नवरा-बायकोचा हात सुटावा तसे. पाणी पातळ असलं तर ते आपले मोकळे हिंडतात. गर्दी झाली की कोण कुणाला चिकटतो, कोण कुणाला ढकलतो, प्रत्येकाची चाल बदलते. ती चाल कागदावर मांडायची आणि पाण्याला हात न लावता सांगायचं की कुठलं मीठ किती राहील आणि किती तळाला बसेल. ते हेमाचं पीएचडीचं काम. मला सगळं कळतं असं नाही, पण ती बोलते तेव्हा मी ऐकते. तू ऐकलंस कधी?

तिच्या कॉलेजातले मोठे सर, प्रोफेसर माथुर, त्यांनी दहा वर्षांपूर्वी एक तक्ता केलाय. साधं मीठ जास्तीत जास्त असलेल्या पाण्यात दुसरं मीठ, सोडियम सल्फेट म्हणतात त्याला, किती मावतं त्याचा. परदेशात छापून आलाय. हेमाचं गणित म्हणतं, सर, एवढं मावायचं नाही, थोडं तळाला बसलं पाहिजे. सर म्हणतात, तुझ्या गणितातले आकडे जरा वाकव, रेघ माझ्या ठिपक्यांवरून जाऊ दे, मी थीसिसवर सही करतो. ही म्हणते, वाकवणार नाही. अगदी माझ्यासारखी. तुझ्यासारखीपण, पण ते जाऊ दे.

मग तिनं सरांच्याच कृतीनं तीन बाटल्या केल्या. गरम पाण्यात दोन्ही मिठं विरघळवली, गाळली, निववली, बुचं लावली. आणि बघत बसली की तळाला काही बसतं का. सहा आठवडे झाले दत्तू, काही बसलं नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ. म्हणजे पाण्यानंच सरांच्या बाजूनं साक्ष दिली. काल सर म्हणाले, शेल्फ रिकामं कर, दुसऱ्यांना जागा हवी. म्हणून ती बाटल्या घेऊन घरी आली.

बायका गेल्यावर ताटं घासता घासता ती म्हणाली, "आजी, गणित म्हणतं बसायला पाहिजे. पण बसतच नाही. मीच चुकले असणार."

मी म्हटलं, "मग विरजण लाव की त्याला. नुसतं दूध ठेवून दही कुणाचं लागलंय?"

ती हसली आणि ताट पुसायला लागली. बाटल्या मी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत.

कांताला म्हणावं गुडघ्यांना ओव्याचं तेल लाव.

आई

गाझियाबाद
२४ जानेवारी १९८९, मंगळवार

दत्तू,

तुझंच खरं झालं. हेमा येते आहे. सहा तारखेचं झेलमचं तिकीट काढलं. पुण्यात उतरून एसटीनं कराड. तुला तिनं वेगळं लिहिलंच असेल.

भांडण नाही, रडणं नाही. रविवारी सकाळी उन्हात केस वाळवत बसली होती, म्हणाली, "आजी, शाळाही वाईट नाही." मी म्हटलं, शाळा कशाला वाईट असेल. मग आम्ही दोघी मटार सोलत बसलो. इतके सोललेले मटार खाणार कोण ते कळेना, शेवटी अर्धे त्यागिणीला दिले.

इथे थंडी फार आहे. सकाळी नऊपर्यंत समोरचं घर दिसत नाही. दुधाला दोन दिवस विरजण लागत नाही, रजईत गुंडाळून ठेवावं लागतं. सव्वीस जानेवारीच्या परेडला सुनंदाचा जावई पास देतो म्हणाला, मी नको म्हटलं. तुझ्या वडिलांनी दोनदा त्यात पाय आपटलेत, आता दुसऱ्यांचे बघून काय करू.

घरात माझ्या हातून एक गोष्ट बिघडली आहे. काय ते तुला सांगत नाही, हेमालाही सांगितलं नाही. निस्तरीन मी. जाता जाता पोरीच्या जिवाला घोर नको.

तिच्याबरोबर काय काय पाठवू ते कांताला विचारून ठेव. गजक पाठवते. मेरठचीच.

आई

गाझियाबाद
२ फेब्रुवारी १९८९, गुरुवार

दत्तू,

हेमा येत नाही. तिकीट परत केलं. शाळेच्या चेअरमनना काय सांगायचं ते तू बघ, तुला सांगता येतं. माझं नाव घाल, म्हण आमची म्हातारी बिघडली आहे. मला काही वाटणार नाही.

आता खालचं पुरतं वाच.

मागच्या पत्रात बिघडली म्हणाले ती गोष्ट म्हणजे ही. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, हेमा गेल्यावर मी देवघराची फळी पुसत होते. एका बाटलीच्या बुचाच्या कडेला बाहेरून पांढरं सुकलेलं दिसलं. ओतताना ओघळ आलेला, तो वाळून खडीसारखा झालेला. मला घाण राहवत नाही हे तुला माहीत आहे. नखानं खरवडलं. बाजरीच्या दाण्याएवढा एक तुकडा बोटावर आला. आणि माझ्या मनात आलं, हेच तर विरजण. ह्याच पाण्याचं ह्यालाच.

बूच काढलं आणि दाणा आत सोडला.

दत्तू, पोराबाळांची शपथ घेऊन सांगते, मी आयुष्यात असं काही बघितलं नाही. दाणा तळाला टेकायच्या आत त्याच्या अंगातून पांढऱ्या सुया फुटायला लागल्या. सुईला सुई, तिला आणखी सुया. केवड्याचं पान उलगडावं तसं खालपर्यंत गेलं. मी चार वेळा रामराम म्हणेपर्यंत अर्धी बाटली पांढरी. बाटली हातात धरली तर कोमट. एवढ्या थंडीत.

मी काय केलं असेल? शहाण्या बाईनं बूच लावून गप्प बसायचं. मी दुसरी बाटली काढली. म्हटलं, पहिल्यात चुकून झालं असेल. तिच्यातही दाणा सोडला, तिचंही तसंच. तिसरी, ती कुंकवाची, तिचं बूच मात्र हलेना. पदरानं धरून पिळलं, तरी हलेना. माझं नशीब तिथेच उघडलं, पण तेव्हा मला कुठे कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की पोरीच्या सहा आठवड्यांच्या कामाची मी नासाडी केली.

दोन्ही बाटल्या तांदळाच्या डब्यामागे लपवल्या. फळीवर पुढे ती तिसरी ठेवली आणि तिच्यामागे तुझ्या वडिलांचा फोटो जरा आडवा केला, म्हणजे तीन आहेत की एक ते लांबून कळू नये. हेमानं विचारलंच नाही. तिचं लक्षच उडालं होतं. पंधरा दिवस मी त्या डब्यातून तांदूळ काढायची आणि तिकडे बघायची नाही. ती शाळा वाईट नाही म्हणाली तेव्हाही माझ्या जिभेवर आलं होतं. मी मटार सोलत राहिले. हे मी तुला लिहिते आहे, तेव्हा तू मला जे म्हणशील ते मी आधीच स्वतःला म्हणून झालंय.

परवा ती ट्रंक भरत होती. फळीकडे गेली, म्हणाली, "बाटल्या ओतून टाकते आजी, काच परत द्यायची आहे." आणि हात वर केला.

मी म्हटलं, "दोन नाहीत तिथे."

"कुठे गेल्या?"

"तांदळामागे."

"तांदळामागे का?"

मग मी डबा सरकवला. दोन्ही बाहेर काढून ओट्यावर ठेवल्या. तळापासून निम्म्यापर्यंत पांढरं बसलेलं, वर नितळ पाणी. मी म्हटलं, "हेमा, मी विरजण घातलं."

मला वाटलं आता रडेल, नाहीतर ओरडेल. ती खाली फरशीवर बसली आणि बाटली डोळ्यांसमोर धरून फिरवायला लागली. मग फौजदारासारखी सुरू झाली. कधी घातलं, किती घातलं, कुठून काढलं, हात कोरडा होता का, किती वेळात पांढरं झालं, दोन्हीत सारखंच का, तिसरीला का नाही. सगळं सांगितलं. रामराम चार वेळा, तेही सांगितलं. तिनं ते म्हणायला लावलं आणि घड्याळ लावून मोजलं.

"आणि ही तिसरी इथेच होती? ह्याच फळीवर? ह्याच थंडीत?"

"तिथेच. हलवलीच नाही. बूच निघेना."

तेव्हा ती रडली. आणि हसलीपण. म्हणाली, "आजी, पाणी खोटं बोलत होतं."

मग मला समजावलं. त्या पाण्यात मीठ मावत नव्हतंच. मावल्यासारखं दाखवत होतं. बसायला आधार नाही म्हणून तरंगत होतं, सिनेमा संपला तरी कुणी पहिलं उठेना म्हणून सगळे बसून राहावेत तसं. एक दाणा दिसला आणि सगळे उठले. सरांनी दहा वर्षांपूर्वी गरम पाणी निववून दोन दिवस थांबून मोजलं. तेव्हाही ते असंच फसवं पाणी असणार. हेमाचं गणित खरं, तक्ता खोटा. म्हणजे असू शकतो. ती 'असू शकतो' म्हणते, मी 'आहे' म्हणते.

आता एक सांगते ते नीट वाच. रात्रीचं जेवण झाल्यावर मला आठवलं. तुला साखर कारखान्यात पॅनवर, पाक आटवायच्या भांड्यावर, घेतलं त्या वर्षी दिवाळीला तू इथे आला होतास. ह्याच ओट्याशी उभा राहून तुझ्या वडिलांना सांगत होतास, साखरेचा पाक कितीही आटवला तरी दाणा आपोआप नीट पडत नाही, वेळ बघून बारीक साखर सोडावी लागते, लवकर सोडली तर विरते, उशीर झाला तर पाक बिघडतो, आणि ती वेळ डोळ्याला कळते. तुझे वडील म्हणाले, म्हणजे विरजणच की. तू म्हणालास, हो, विरजणच.

मला वाटत होतं ते मला दह्यावरून सुचलं. तुझ्यावरून सुचलं असेल.

तेव्हा तू जे पंचवीस वर्षं कारखान्यात करतोस तेच तुझी लेक करते आहे. तुझी साखर, तिचं मीठ. ढवळते म्हणून तिला हिणवायचा तुला हक्क नाही. पोरगी मी पाठवत नाही. सही होईपर्यंत नाही. तू इथे येऊन दारात बसलास तरी नाही, जेवायला मात्र वाढीन.

आई

गाझियाबाद
२६ फेब्रुवारी १९८९, रविवार

दत्तू,

काल सर आले होते. घरी. माझ्या घरी, नेहरूनगरात, मोटारीतून.

झालं काय, हेमानं त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, थंडीनं निघालं असेल, माझा तक्ता पंचवीस डिग्रीचा आहे, गाझियाबादच्या फळीवर काय पंचवीस डिग्री असते? आणि घरात कुणी काय घातलं ते मी थीसिसमध्ये कसं लिहू? दोन आठवडे त्यांनी तिला उभं केलं नाही. तिनंही सोडलं नाही. तिचं काम तपासायला बाहेरच्या एक बाई नेमल्या आहेत, डॉक्टर विजयालक्ष्मी, दिल्लीतच दुसऱ्या लॅबमध्ये असतात, साठीच्या असतील, जाड चष्मा. हेमानं सरळ त्यांना पत्र लिहिलं, सरांनाही त्याची कॉपी दिली, म्हणाली चोरून काही नको. बाई म्हणाल्या, बाटल्या हलवू नका, आम्हीच येतो.

आधी सर आत आले. उंच, थकलेला माणूस, कोटाला वरचं बटण नाही. मला वाटलं होतं राक्षस असेल. मग बाई. आणि त्यांच्यामागे, कुणी बोलावलं नसताना, त्यागीण. हातात वाटी, म्हणे साखर हवी होती. मग ती गेलीच नाही, दाराशी वेताचा मोढा घेऊन बसली.

तिसरी बाटली मी तुझ्या मफलरमध्ये गुंडाळून ठेवली होती. धक्का लागू नये म्हणून. दुसरं मऊ काही घरात नव्हतं असं नाही, पण तो समोर खुंटीवर होता. सोडवून दाखवली. सरांनी खिडकीशी धरली. लांब धरली, जवळ आणली. काचेवरच्या कुंकवाकडे बघून म्हणाले, "ये लाल क्या है? कोई इंडिकेटर?"

हेमाचं तोंड लाल झालं. बाई म्हणाल्या, "कुंकुम है, प्रोफेसर साहब."

सरांनी बाटली पुन्हा उजेडात फिरवली. मग म्हणाले, "देखिए माताजी, आपने जो किया, वो घर की बात है. साइंस ऐसे नहीं होता."

मी म्हटलं, "साहब, कैसे होता है?"

"कंट्रोल चाहिए. दो चीज़ें बिल्कुल एक जैसी, एक में डालो, एक में न डालो."

"तो तीन थीं. दो में डाला, एक में नहीं. एक ही जगह, एक ही ठंड. जो नहीं खुली वो आपके हाथ में है, देख लीजिए, पानी है कि नहीं."

त्यागीण दारातून म्हणाली, "बिल्कुल. मैं गवाह हूँ, मैंने तीनों को आते देखा था." तिला विचारलं कुणी होतं?

बाई हसल्या. वही काढली, म्हणाल्या, "अम्मा, शुरू से बताइए. कितना दाना?" मी पहिल्यापासून सांगितलं. बाजरीचा दाणा, नख, कोमट बाटली. रामरामसुद्धा त्यांनी लिहून घेतलं, त्यापुढे कंसात सेकंद लिहिले. दत्तू, माझं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतलं. नाहीतर मीच दुसऱ्यांचं लिहीत आले.

सर म्हणाले, "ठंड का जवाब मिल गया. पच्चीस डिग्री का नहीं मिला." ते खरंच होतं. हेमानंही मान हलवली. मग बाईंनीच ठरवलं. बाटलीला पंचवीस डिग्रीला ठेवणारी पाण्याची टाकी इथेच आणायची, लाइट जाते तेव्हा भोवती रजई लावायची. बाई स्वतः चौथी बाटली सरांच्याच कृतीनं करून आणणार, तिच्यात काही घालायचं नाही. दोन्ही बाटल्या त्याच टाकीत दोन दिवस ठेवायच्या आणि मग सगळ्यांसमोर तिसरीचं अडकलेलं बूच गरम फडक्यानं सैल करून तिच्यात दाणा सोडायचा. पंचवीसलाही मीठ बसलं तर सरांचा तक्ता चुकला. नाही बसलं तर हेमाचं गणित चुकलं, मग तिनं आकडे वाकवायचे किंवा कराडला जायचं. हेमा म्हणाली, "मान्य है." आवाज हलला नाही तिचा. मी हात पदरात घेतले.

सर चहा बिनसाखरेचा घेतात. कप खाली ठेवून खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, मला नव्हे, बाटलीलाच म्हणाले असतील, "दस साल पहले मैं भी जल्दी में था." मग हेमाला म्हणाले, बसलं तर तक्त्याची दुरुस्ती मी माझ्या नावानं छापीन, खाली तुझं नाव घालीन. मी त्यांना दुसरा कप दिला. बटण लावून देते म्हटलं तर कोट काढून दिला. असा माणूस वाईट नसतो, अडलेला असतो. तुला मी का सांगते आहे ते तुला कळेल.

निघताना बाई म्हणाल्या, दाणा सोडायचं काम हाताचं आहे. मोठा सोडला तर सरसकट होतं, लहान सोडला तर विरून जातो, हेमाचा हात त्या दिवशी थरथरेल. लॅबमधलं कुणीतरी आणते.

मी म्हटलं, आणू नका. माझा मुलगा साखर कारखान्यात पॅनवर आहे. तीन माणसं उंच पॅन असतो, त्यात तो रोज दाणा धरतो, पंचवीस वर्षं. डोळ्यानं वेळ ओळखतो.

सरांनी वळून बघितलं. "सच? शुगर बॉइलिंग? उन्हें बुला सकती हैं?"

हेमा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बोलावणार नाही. कळवीन.

म्हणून कळवते. सीझन चालू आहे, रजा मिळत नाही, सगळं मला माहीत आहे. मी हात जोडत नाही आणि हेमाही जोडणार नाही. तू नाही आलास तर दाणा मी सोडीन, दोनदा सोडला आहे. घाबरत नाही मी. कांताला घेऊन आलास तर झेलमला गर्दी असते, आधी तिकीट काढ. मफलर बाटलीला आहे, त्या दिवशी सोडवून तुझा तुला मिळेल.

टाकी तीन तारखेला येणार, दोन्ही बाटल्या तिच्यात रविवारी जाणार. विजयालक्ष्मीबाई आणि सर परत येणार आहेत मंगळवारी, सात मार्चला, सकाळी अकरा वाजता.

आई